मज्जासंस्थेची रचना कशी शिकावी: आधी मार्ग, मग नावे

प्रश्न: मेंदू, मज्जारज्जू आणि नसा यांची मूळ मांडणी कशी असते? वैद्यकीय, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात नुसत्या याद्या पाठ न करता ती कशी समजून घ्यावी?

उत्तर: प्रत्येक भागाबद्दल दोनच गोष्टी विचारायची सवय लावा. याच्यातून कोणता मार्ग जातो, आणि तो मार्ग शरीराची मध्यरेषा कुठे ओलांडतो? रुग्णासमोर उभे राहिल्यावर ‘आजार कोणता’ हा प्रश्न नंतर येतो. ‘बिघाड कुठे आहे’ हा आधी येतो, आणि त्याचे उत्तर रचनाच देते. म्हणून खालची मांडणी पुस्तकातल्या प्रकरणांप्रमाणे नाही, तपासताना जशी लागते तशी आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. मज्जासंस्थेची विभागणी दोन वेगळ्या तऱ्हांनी होते. जागेनुसार पाहिले तर मेंदू आणि मज्जारज्जू ही केंद्रीय मज्जासंस्था, तर त्यांच्यातून निघणारे रूट (नसांची मुळे), गँग्लिऑन (चेतापेशींच्या गाठी) आणि नसा ही परिघीय मज्जासंस्था. कामानुसार पाहिले तर त्वचा, स्नायू, सांधे यांच्याशी व्यवहार करणारी कायिक संस्था, आणि हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय, ग्रंथी सांभाळणारी स्वायत्त संस्था. विद्यार्थी बहुधा या चारही नावांचा एकच तक्ता करतात आणि स्वायत्त संस्था परिघीय संस्थेखाली टाकून मोकळे होतात. ते अपुरे आहे. स्वायत्त संस्थेचे नियंत्रण हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाचा लहान भाग) आणि ब्रेनस्टेम (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) यांच्यातून सुरू होते, मधला टप्पा मज्जारज्जूत असतो आणि फक्त शेवटचा भाग परिघात. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा रक्तदाब का कोसळतो, हे त्या तक्त्यावरून कधीच कळणार नाही.

केंद्रीय आणि परिघीय यांच्यातली सीमा कवटीच्या किंवा मणक्यांच्या छिद्रापाशी नसते. रूट मज्जारज्जूला जिथे चिकटते तिथून काही मिलिमीटरवर ती असते, आणि तिथे एक गोष्ट बदलते: तंतूभोवती मायलिनचे वेष्टण घालणारी पेशी. आतल्या बाजूला हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट करते. तिची एक पेशी अनेक तंतूंचे तुकडे एकाच वेळी सांभाळते. बाहेर श्वान (Schwann) पेशी असते, आणि ती एका तंतूचा एकच तुकडा गुंडाळते. फरक बारीक वाटतो, पण रोगांची अर्धी विभागणी यावर उभी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस आतल्या मायलिनवर हल्ला करतो, तर गीयाँ-बारे सिंड्रोम बाहेरच्या. बाहेरची नस तुटली आणि तिची नळी शाबूत राहिली किंवा नीट शिवली, तर तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढतो, कारण श्वान पेशी त्याला वाट करून देतात. मज्जारज्जूत अशी वाढ व्यवहारात होत नाही. म्हणून दंडात नस तुटली तर हाताच्या पंजातले स्नायू जागे व्हायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, हा हिशोब रुग्णाला पहिल्याच दिवशी मांडून दाखवता येतो. दुर्दैवाने स्नायू फार काळ नसेविना राहिला की तो नस स्वीकारण्याच्या अवस्थेत उरत नाही, त्यामुळे लांबच्या स्नायूंसाठी वेळेचा हिशोब निर्णायक ठरतो.

पेशींबद्दल थोडक्यात. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यातल्या जवळजवळ ८० टक्के लहान मेंदूत आहेत, जरी त्याचे वजन एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असले तरी. सगळ्या मेंदूचे वजन १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या साधारण २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्याच्याकडे साठा नसतो, म्हणून रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. तंतूंच्या वेगात प्रचंड तफावत असते. स्नायूला आज्ञा नेणारे जाड, मायलिनयुक्त तंतू सेकंदाला १०० मीटरपर्यंत संदेश नेतात, तर मायलिन नसलेले बारीक वेदनातंतू सेकंदाला ०.५ ते २ मीटर. पायाला ठेच लागल्यावर आधी तीक्ष्ण कळ आणि क्षणभराने मागून येणारी ठणक, हे याच तफावतीमुळे.

आता मज्जारज्जू. इथे सावकाश थांबा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोठ्या माणसात तो सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि पहिल्या किंवा दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापाशी (एल-१, एल-२) संपतो. पाठीचा कणा मात्र त्याच्या बराच खाली जातो. वाढीच्या वयात कणा जास्त लांबतो आणि मज्जारज्जू मागे राहतो, म्हणून हा फरक पडतो. नवजात बाळात मज्जारज्जूचे टोक एल-३ पर्यंत असते. त्याच्या खाली कण्याच्या नळीत फक्त रूटचा झुबका लोंबतो, त्याला कॉडा इक्वायना म्हणतात. पाठीतून पाणी काढताना सुई एल-३ आणि एल-४ किंवा एल-४ आणि एल-५ यांच्यामध्ये घालतात ती यामुळेच. रूट सुईपुढून सरकतात, मज्जारज्जू सरकला नसता. दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांचे माथे जोडणारी रेषा साधारण एल-४ वरून जाते, जागा शोधायला तीच धरतात.

या रचनेकडे दुर्लक्ष झाले की घडणारी एक नेहमीची चूक सांगतो. दोन्ही पाय कमजोर झाले आहेत, चालताना ते ताठ पडतात, गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडणे) जोरात येतो, तळवा खरवडल्यावर अंगठा वर जातो, आणि सोबत थोडी कंबरदुखी आहे. मग कंबरेचा एमआरआय काढला जातो. त्यात एखादी सरकलेली चकती (दोन मणक्यांमधली गादी) दिसते, ती चाळिशीपुढच्या बऱ्याच माणसांत दिसते, आणि सगळे तिच्यामागे लागतात. पण वाढलेला झटका आणि वर जाणारा अंगठा ही मज्जारज्जू किंवा मेंदू बाधित असल्याची खूण आहे, आणि कंबरेच्या खालच्या भागात मज्जारज्जू नसतोच. दोष छातीच्या किंवा मानेच्या पातळीवर शोधायला हवा. उलट कॉडा इक्वायना दबला तर पाय सैल पडतात, झटके जातात, बसण्याच्या जागेची त्वचा बधिर होते आणि लघवी अडते. ते तातडीचे असते, काही तासांत शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो.

झटक्यांवरून हा भेद का कळतो, तेही पाहू. आज्ञेचा मार्ग दोन पेशींचा असतो. पहिली पेशी मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या थरात), तिचा तंतू मज्जारज्जूपर्यंत. दुसरी मज्जारज्जूच्या पुढच्या शिंगात, तिचा तंतू थेट स्नायूत. झटक्याचे वर्तुळ दुसऱ्या पेशीतून जाते. ती किंवा तिची नस बिघडली तर झटका जातो, स्नायू सैल पडतो आणि काही आठवड्यांत सुकतो. पहिली बिघडली तर वर्तुळ शाबूत राहते, फक्त वरचा लगाम सुटतो, म्हणून झटका वाढतो आणि स्नायू ताठतो. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. मज्जारज्जूला अचानक मोठी इजा झाली तर पहिले काही दिवस ते काही आठवडे इजेच्या खालचे सगळे झटके गेलेले असतात. याला स्पायनल शॉक म्हणतात. त्या काळात सैल पाय पाहून दोष नसांत आहे असा निष्कर्ष काढू नका.

मज्जारज्जूचा आडवा छेद घेतला तर मधे फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो आणि भोवती पांढरा. करड्या भागात पेशी, पांढऱ्यात वरखाली जाणारे तंतू. मोठ्या मेंदूत उलट, करडा कॉर्टेक्स बाहेर, पांढरा भाग आत आणि त्यात करड्या गाठी. मज्जारज्जूत मागच्या रूटमधून संवेदना आत येतात, पुढच्या रूटमधून आज्ञा बाहेर पडतात. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांनी १८२२ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. संवेदी पेशींची शरीरे मज्जारज्जूत नसतात, मागच्या रूटवरच्या गँग्लिऑनमध्ये असतात. हे वाक्य शेवटी पुन्हा उपयोगी पडेल.

तीन मुख्य मार्ग आणि त्यांची ओलांडणी पाठच करा, इतके पाठांतर मी खुशाल सांगेन. हालचालीचा मार्ग कॉर्टेक्समधून निघून ब्रेनस्टेमच्या तळाशी, मेड्युलात, ओलांडतो. त्यातले ८५ ते ९० टक्के तंतू इथे पलीकडे जातात. कंपन, सांध्यांची स्थिती आणि बारीक स्पर्श यांचा मार्ग मज्जारज्जूत मागच्या बाजूने, ज्या बाजूने आला त्याच बाजूने वर चढतो आणि मेड्युलात ओलांडतो. पायाच्या अंगठ्यातून मेड्युलापर्यंत ही एकच पेशी असते, उंच माणसात तिची लांबी दीड मीटरच्या आसपास भरते. वेदना आणि तापमानाचा मार्ग मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर एकदोन खंड वर जाताजाता लगेच पलीकडे जातो.

आता समजा, मज्जारज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग छातीच्या पातळीवर कापला गेला. उजवा पाय लुळा पडेल, उजव्या पायात कंपन कळणार नाही, पण टाचणी टोचलेली डाव्या पायाला कळणार नाही. एकाच जखमेने दोन वेगळ्या बाजूंना दोन वेगळ्या संवेदना गेल्या. ब्राउन-सेकार यांच्या नावाने ओळखले जाणारे हे चित्र ज्याला कागदावर रेघा ओढून समजावून सांगता येते, त्याला मज्जारज्जू कळला असे मी मानतो. म्हणूनच तपासताना टाचणी आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा दोन्ही वापरायचे असतात. नुसता कापूस फिरवून ‘संवेदना ठीक’ असे लिहिणे म्हणजे मार्गच न तपासणे, कारण हलका स्पर्श दोन्ही वाटांनी वर जातो आणि एक वाट बंद झाली तरी टिकून राहतो.

ब्रेनस्टेम म्हणजे वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला. कवटीतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. पहिली, वासाची, आणि दुसरी, दृष्टीची, या ब्रेनस्टेमशी जोडलेल्या नाहीत. दुसरी तर खरे पाहता मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, तिचे मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइटचे असते, आणि म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तीही बिघडते. उरलेल्यांसाठी ढोबळ हिशोब असा: तिसरी आणि चौथी मिडब्रेनशी, पाचवी ते आठवी पॉन्सशी, नववी ते बारावी मेड्युलाशी. अकरावीचा मोठा भाग मानेतल्या मज्जारज्जूतून येतो, तेवढी दुरुस्ती मनात असू द्या. या हिशोबाचा फायदा असा की ब्रेनस्टेममधला दोष त्या पातळीच्या नसेवरून सापडतो. चेहऱ्याचा दोष एका बाजूला आणि हातापायाचा दुसऱ्या बाजूला, असे दिसले की आधी ब्रेनस्टेमचा विचार करायचा.

तोंड वाकडे झालेल्या रुग्णाचे कपाळ तपासतात त्याचे कारणही रचनेत आहे. कपाळाच्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशींना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून तंतू येतात, ओठांच्या बाजूच्या पेशींना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडूनच. पक्षाघातात ओठ ओढला जातो पण भुवई वर उचलता येते. सातवी नसच बिघडली तर अख्खा अर्धा चेहरा जातो आणि डोळाही नीट मिटत नाही.

मोठ्या मेंदूबद्दल इतकेच: हालचालीच्या कॉर्टेक्सवर पाय आतल्या, दोन अर्धगोलांमधल्या बाजूला आणि हात व चेहरा बाहेरच्या बाजूला मांडलेले असतात. पुढची धमनी अडली तर पाय जास्त जातो, मधली अडली तर हात आणि चेहरा. मेंदूच्या खोल भागातल्या इंटर्नल कॅप्सूल या अरुंद पट्ट्यात हे सगळे तंतू एकत्र दाटलेले असतात, म्हणून तिथे लहानसा ठिपकाही चेहरा, हात आणि पाय तिन्ही सारखेच लुळे करतो. भाषा उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सर्व माणसांत डाव्या अर्धगोलात असते. लहान मेंदू मात्र आपल्याच बाजूचे हातपाय सांभाळतो, कारण त्याचा मार्ग दोनदा ओलांडतो. उजव्या हाताने नेम चुकत असेल तर लहान मेंदूची उजवी बाजू पाहायची.

मज्जारज्जूच्या नसांच्या ३१ जोड्या: मानेच्या (सी) ८, छातीच्या (टी) १२, कंबरेच्या (एल) ५, त्रिकास्थीच्या (एस) ५ आणि शेवटची १. मानेत मणके ७ आणि नसा ८, हा हिशोब नीट समजून घ्या. मानेच्या पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढे सगळ्या खालूनच. म्हणून मानेत पाच-सहामधली चकती सहाव्या रूटला दाबते. कंबरेत चार-पाचमधली चकती मात्र सहसा चौथ्याला नाही, पाचव्याला दाबते, कारण चौथे रूट चकतीच्या वरच्या अंगाने आधीच बाहेर पडलेले असते आणि पाचवे तिच्यामागून खाली चाललेले असते. चकती अगदी बाहेरच्या बाजूला सरकली तरच चौथे दबते.

त्वचेच्या पट्ट्यांपैकी मोजक्या खुणा पुरतात: अंगठा सी-६, मधले बोट सी-७, करंगळी सी-८, स्तनाग्राची पातळी टी-४, बेंबी टी-१०, पायाच्या अंगठ्याकडचा पृष्ठभाग एल-५, पावलाची बाहेरची कड एस-१. सी-३ ते सी-५ मधून श्वासपटलाची नस निघते, त्याच्या वर मज्जारज्जू पूर्ण तुटला तर यंत्राविना श्वास चालत नाही.

रूट आणि नस यांतला फरक ओळखणे हे रोजचे काम. करंगळी बधिर असेल तर अनामिका नीट तपासा. अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी) कोपरापाशी दबली असेल तर अनामिकेचा करंगळीकडचा अर्धाच भाग बधिर असतो आणि बधिरपणा मनगटाच्या फार वर चढत नाही. तो कोपरापर्यंतच्या आतल्या बाजूवर पसरला असेल तर दोष अल्नरचा नाही, कारण त्या त्वचेची नस वेगळी आहे. तेव्हा रूट किंवा काखेतले नसांचे जाळे पाहायला हवे. पाऊल वर उचलता येत नसेल तर पाऊल आत वळवायला सांगा. ते जमत असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या मानेपाशी पेरोनियल नस दबली असण्याची शक्यता जास्त. तेही जमत नसेल तर एल-५ रूट, कारण आत वळवणारा स्नायू पेरोनियलकडून नाही, टिबियल नसेकडून चालतो, पण त्याचे रूट एल-५ च. मधुमेहात याहून वेगळे चित्र असते: सर्वांत लांब तंतू आधी थकतात, म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून मोज्यासारखा वर सरकतो आणि गुडघ्याजवळ पोचेपर्यंत बोटांच्या टोकांनाही सुरू होतो.

स्वायत्त संस्थेतली सिम्पथेटिक (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी) बाजू मज्जारज्जूच्या टी-१ ते एल-२ या भागातून निघते. पॅरासिम्पथेटिक (विश्रांती आणि पचन सांभाळणारी) दोन टोकांतून: कवटीच्या तिसऱ्या, सातव्या, नवव्या, दहाव्या नसांतून आणि एस-२ ते एस-४ मधून. दहाव्या, म्हणजे व्हेगस नसेतले बहुसंख्य तंतू आज्ञा नेत नाहीत, अवयवांची खबर वर आणतात. टी-६ किंवा त्याहून वर मज्जारज्जू तुटलेल्या रुग्णाचे मूत्राशय तुंबले तर खालची सिम्पथेटिक संस्था अनिर्बंध पेटते, रक्तदाब धोकादायक चढतो, डोके फुटायला येते. अशा वेळी आधी त्याला उठवून बसवायचे, कपडे सैल करायचे आणि कॅथेटर (लघवीची नळी) अडला आहे का ते पाहायचे. कारण दूर झाले की दाब बहुधा उतरतो. सिम्पथेटिकचा डोळ्याकडे जाणारा मार्ग हायपोथॅलॅमसपासून छातीपर्यंत खाली उतरतो, फुप्फुसाच्या टोकावरून वळसा घेतो आणि मानेतल्या धमनीबरोबर पुन्हा वर जातो. म्हणून एका डोळ्याची बाहुली लहान आणि पापणी किंचित खाली आलेली दिसली तर छातीचा फोटोही पाहावा लागतो.

मेंदूभोवती ड्युरा, अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया (pia) अशी तीन आवरणे. शेवटच्या दोनांमध्ये मेंदूजल असते: एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर, पण रोज तयार होते ५०० च्या आसपास, म्हणजे दिवसातून तीनदा बदलते. ते मुख्यतः मेंदूतल्या पोकळ्यांत तयार होते, चौथ्या पोकळीच्या छिद्रांतून बाहेर येते आणि वरच्या मोठ्या शिरेत शोषले जाते. वाट कुठेही अडली की पोकळ्या फुगतात, आणि कवटी ताणत नसल्याने आतला दाब चढतो.

शेवटी तपासण्या. एमआरआय रचना दाखवतो, काम दाखवत नाही. नसांची वहनचाचणी जाड, मायलिनयुक्त तंतूच मोजते. पाय जळजळणाऱ्या रुग्णाचे फक्त बारीक तंतू बिघडले असतील तर ती पूर्ण नॉर्मल येते, आणि त्याला ‘काही झालेले नाही’ असे सांगणे अन्याय ठरतो. चकतीने रूट दबले असेल तर त्वचा बधिर असूनही संवेदी वहन नॉर्मल येते: दाब गँग्लिऑनच्या आतल्या बाजूला असतो, पेशी आणि तिचा बाहेरचा तंतू जिवंत असतो. संवेदी वहन कमी आले तर दोष गँग्लिऑनच्या बाहेर, जाळ्यात किंवा नसेत शोधा. आणि वेळ पाळा. नस तुटल्यावरही इजेच्या पलीकडचा तंतू काही दिवस विद्युत वाहत राहतो. स्नायूचा प्रतिसाद साधारण आठवडाभरात, संवेदी प्रतिसाद दहा-अकरा दिवसांत मावळतो, आणि स्नायूत सुई घालून दिसणारे बदल यायला दोन ते तीन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी केलेल्या चाचणीत मनगटापाशी सगळे ठीक दिसले तर नस शाबूत आहे असे धरू नका. तीन आठवड्यांनी ती पुन्हा करा.